अकरा सेकंदांचा उंचवटा

आलेखात अकरा सेकंदांपाशी एक लहान उंचवटा होता. करंगळीच्या नखाएवढा. कागद हातभर लांब धरला तर तो दिसत नसे. जवळ आणून खिडकीकडे वळवला की दिसे.

आडव्या रेषेवर फोन किती सेकंद चालला ते होतं, उभ्या रेषेवर तसे किती फोन झाले ते. दूध संघाची जनावरांचे डॉक्टर बोलावण्यासाठीची हेल्पलाइन आम्ही नव्या यंत्रणेवर घेतली होती, आणि तिचे अठ्ठावीस दिवसांचे फोन मी मांडले होते. नऊ हजारांच्या वर. बहुतेक दोन ते चार मिनिटांचे. तिथे आलेख डोंगरासारखा चढून उतरत होता. डाव्या टोकाला, तीन-चार सेकंदांपाशी, चुकून लागलेल्या फोनांची टेकडी. आणि या दोहोंमधल्या सपाटीवर, जिथे काही असायचं कारण नव्हतं, तिथे हा उंचवटा. दोनशे एकतीस फोन.

मी भौतिकशास्त्र शिकलेली. प्रयोगशाळेत एक सवय अंगात मुरते: सपाटीवर उंचवटा दिसला की तो कशाचा आहे हे कळेपर्यंत वही मिटायची नाही. मी कागद उचलला आणि वाळिंबे सरांच्या खोलीत गेले.

श्रीधर वाळिंबे आमच्या कंपनीचे मुख्य अभियंता. त्याआधी त्यांची पंचवीस वर्षं सरकारी टेलिफोन खात्यात गेलेली. साताऱ्यातली आमची ती छोटी टेलिफोन कंपनी निम्मी त्यांच्या डोक्यातून चालायची. तो मंगळवार होता आणि शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. टेबलाचे खण रिकामे करून त्यांनी जमिनीवर जुन्या डायऱ्यांची उतरंड रचली होती.

"सर, हे बघता?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "काय आहे?"

"अकरा सेकंदांचे फोन. दोनशे एकतीस."

"राँग नंबर असतील."

"राँग नंबर चार सेकंदांत कळतो, सर. ती टेकडी वेगळी आहे, ही बघा."

"मग अकरा सेकंदांत कळणारे राँग नंबर असतील. गावाकडची माणसं अघळपघळ बोलतात." त्यांनी कागद परत केला. "तक्रारी किती?"

"शून्य."

"शून्य! अठ्ठावीस दिवस. अगं, खात्यात असताना एका दिवसात शून्य तक्रारी आल्या तर आम्ही आधी तक्रारीचा फोन चालू आहे का ते बघायचो." ते मनापासून हसले. "परवा तीस दिवस पूर्ण होतात. ढमढेरे अकरा वाजता येतील, तू स्वीकृतीच्या कागदावर सही करशील, सोमवारी जिल्ह्याची रुग्णवाहिकेची लाइन त्याच पेटीवर चढेल, आणि मी घरी जाऊन गुलाब लावीन. आता हा एवढासा उंचवटा घेऊन माझ्या निरोपाचा नारळ फोडतेस की माझं डोकं?"

मीही हसले. पण कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

ती पेटी म्हणजे सेशन बॉर्डर कंट्रोलर. हे नाव कंपनीत कुणी घेत नसे. सगळे 'पेटी' म्हणत. आकाराने जुन्या व्हीसीआरएवढी. फोनवरचा आवाज इंटरनेटवरून जायला लागला की त्याचे बारीक तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा पत्रासारखा पत्ता घेऊन निघतो. ही पेटी हद्दीवर उभी राहते. कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय, उत्तर कुठे पाठवायचं, हे सगळं ती ठरवते.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात वाळिंबे सरांनी मला फळ्यावर तीन चौकोन काढून दाखवले होते. एक चौकोन ग्राहकांच्या बाजूला, एक दोन टेलिफोन कंपन्यांच्या मध्ये, एक मोठ्या कचेरीच्या फाटकावर. "यंत्र तिन्ही ठिकाणी हेच," ते म्हणाले होते. "पण यंत्र काय आहे हे विचारू नकोस वसुधा, ते कुठे उभं आहे हे विचार. जागा बदलली की काम बदललं." बँकेतल्या मोठ्या पगाराच्या नोकरीची ऑफर आली तेव्हा मी गेले नाही, त्याला तो फळा हे एक कारण होतं.

स्वीकृतीच्या कागदावर सही माझी लागणार होती, कारण चाचणी विभाग माझ्याकडे होता. रचना सरांची, चाचणी माझी. आमच्याकडे ही पद्धत सरांनीच घातलेली: ज्याने बांधलं त्याने तपासायचं नाही.

पेटीच्या नोंदींत मी मंगळवारची दुपार घालवली. त्या दोनशे एकतीस फोनांत काहीच चुकीचं नव्हतं. फोन लागले होते, उचलले गेले होते, दोन्हीकडून आवाजाचे तुकडे वाहिले होते, मग करणाऱ्याने फोन ठेवला होता. पेटीच्या मते ते सुदृढ फोन होते. पण पेटी फक्त पाठवलेलं मोजते. पोचलेलं मोजायला तिथे जावं लागतं.

बुधवारी सकाळच्या एस.टी.ने मी फलटणला गेले.

हेल्पलाइनची खोली दूध संघाच्या आवारात, बर्फाच्या टाकीच्या मागे होती. तीन बायका कानांवर हेडफोन लावून बसलेल्या. त्यांची प्रमुख रंजना भोईटे. चाळिशीच्या, ठसठशीत कुंकू, आणि समोर की-बोर्डशेजारी लाल बांधणीची एक जाड वही.

"कंपनीच्या मॅडम? या या. महिनाभर फोनवरच बोलताय, म्हटलं दिसता तरी कशा." त्यांनी खुर्ची ओढली. "काय बिघडलं का काय?"

"नाही. नुसतं ऐकायला आले."

"ऐका की. आमचं कामच ते."

त्यांनी दुसरा हेडफोन जोडून दिला. तासाभरात बावीस फोन झाले. गाईचा पान्हा, म्हशीचा ताप, कुणाला लसीची तारीख हवी, कुणाला डॉक्टरांची तक्रार करायची. रंजनाताई प्रत्येकाला गावानिशी ओळखत होत्या. "काय ओ दाजी, मागल्या आठवड्यात सांगितलं हुतं ना ओला चारा बंद करा म्हणून? मग? आता फुगली तर मी काय करू, टाचणी लावू?"

तेविसावा फोन लागला. पडद्यावर एका दूध संकलन केंद्राचा नंबर आला.

"नमस्कार, बोला," रंजनाताई म्हणाल्या.

"हॅलो," पलीकडे एक पुरुष. "हॅलो?"

"बोला, ऐकतीय."

"हॅलो... अवं कुणी हाय का? हॅलो! गाय अडलीय ओ... पाय भाईर आलाय एक... हॅलो?"

"अण्णा, ऐकतीय मी, बोला!"

"...लागतोय पन कोन बोलंना की रं." हे त्याच्याजवळच्या कुणाला तरी. मग फोन ठेवल्याचा आवाज.

मी घड्याळाकडे बघत होते. बारा सेकंद.

रंजनाताईंनी कपाळाला आठीही घातली नाही. लाल वही उघडली, बोट फिरवलं, पिशवीतून स्वतःचा मोबाइल काढला आणि नंबर लावला. "हां पोपटअण्णा, रंजना बोलतीय. ऐकलं मी समदं. एकच पाय बाहेर हाय ना? ओढू नका. अजिबात ओढायचं न्हाई. डॉक्टर तरडगावात हायेत, अर्ध्या तासात येत्यात. गरम पाणी ठेवा आन् चार जण गोळा करून तिच्यापुढं गर्दी करू नका." फोन ठेवून त्यांनी डॉक्टरांना निरोप दिला, आणि वहीत तारीख, वेळ, गाव लिहून पुढे एक बारीक फुली मारली.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"बहिरा फोन."

"म्हणजे?"

"त्यांचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्यास्नी जात न्हाई. रोज सात-आठ असत्यात. तुमची नवी यंत्रणा आली तवापास्नं." त्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. "त्याच लायनीवर उलटा फोन केला तरी बहिराच. म्हणून मी केंद्राच्या सचिवांचे मोबाइल लिहून घेतले, गावागणिक. आपला नेम हाय, फोन आला की माणसाला सोडायचं न्हाई."

"पण तुम्ही तक्रार का नाही केलीत? रोज संध्याकाळी आमचा फॉर्म भरता ना तुम्ही?"

"भरतो की." त्यांनी पॅड पुढे सरकवलं. "ह्यात दोनच रकाने हायेत. 'फोन लागला नाही' आन् 'फोन मध्येच तुटला'. आता हा लागतो. तुटत बी न्हाई, माणूसच ठेवतो. मग कुठं टिक करू?"

शेजारची बाई फसकन हसली. "आम्ही म्हटलं, पुण्याच्या कुणी शहाण्यानं काढला असंल फॉर्म."

तो फॉर्म मी काढला होता. साताऱ्यात, माझ्या टेबलावर, एका दुपारी. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझी अद्याक्षरंही होती. मी त्यांना ती दाखवली.

मग रंजनाताई म्हणाल्या, "असू द्या. तुमच्याकडं आजवर बहिरा फोन आला नसंल."

मी वही मागून घेतली आणि फुल्या मोजल्या. माझ्या आलेखातल्या अठ्ठावीस दिवसांच्या दोनशे सतरा. पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. माझ्याकडे दोनशे एकतीस होते.

"ताई, चौदा कमी आहेत."

"हां." त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि मागच्या पानावर उघडली. तिथे वेगळी यादी होती, फुल्यांशिवाय. "ह्यांचे मोबाइल लागले न्हाईत. डोंगराकडची गावं. कुणाला रेंज न्हाई, कुणाचा बंद. मी लावत बसले, पर किती येळ लावणार? दुसरे फोन येत असत्यात." बोट एका ओळीवर थांबलं. "ह्यांचं वासरू गेलं. आईबी गेली दुसऱ्या दिवशी. त्यांनी मला काय बोल लावला न्हाई. म्हणले, 'ताई, फोन तर केला हुता, कुणी बोललंच न्हाई.'"

मी ती चौदा गावं लिहून घेतली, मग वहीतली बाकीची. एकंदर त्रेचाळीस केंद्रं. दूध संघाच्या कचेरीतून कुठल्या केंद्राला कसलं कनेक्शन आहे त्याची यादी आणली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस केंद्रांत तार पोचलेली नव्हती. तिथे मोबाइलचं सिम घातलेला राउटर होता. तार पोचलेल्या एकाही केंद्राचं नाव वहीत नव्हतं. आमची चाचणी सहा केंद्रांवर झाली होती. सहाही डांबरी रस्त्यालगत. आमची गाडी जिथवर जाते तिथवर.

निघताना रंजनाताई आवाराच्या फाटकापर्यंत आल्या.

"मॅडम, सोमवारपासून रुग्णवाहिकेचे फोन पण ह्याच्यावरच जाणार म्हणत्यात. खरं का?"

"ठरलंय तसं."

"त्यांच्याकडं वही हाय का अशी?"

मी पर्समधली चौदा गावांची यादी चाचपली.

"गाय अडली तर तासभर कळ काढती," त्या म्हणाल्या. "बाई अडली तर?"

परतीच्या एस.टी.त मला विचार करायचा नव्हता, कारण विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बिघाडाचं कारण मला माहीत होतं. फलटणला कळलं असं नाही, आधीच माहीत होतं.

सिमच्या राउटरमागचा फोन आपल्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहितो तो असा: 'मागची खोली'. त्याच्या घरापुरता तो पत्ता बरोबर असतो. पण मागची खोली प्रत्येक घराला असते. ग्राहकांच्या बाजूला उभ्या असलेल्या पेटीने म्हणून पत्रातल्या पत्त्यावर भरवसा ठेवायचा नसतो. पत्र ज्या वाटेने आलं त्याच वाटेने उत्तर पाठवायचं असतं. दोन कंपन्यांच्या मधल्या हद्दीवर बरोबर उलटं. तिथे आधी नोंदवलेला, लिहिलेला पत्ता तेवढाच खरा. भलत्या वाटेने कुणी आलं तर दार बंद. ते सैल सोडलं तर कुणीही दुसऱ्याच्या नावाने आत येईल. एक नियम दारावरचा, एक सीमेवरचा. आम्ही घेतलेल्या लहान पेटीत तेव्हा एकच नियमावली बसायची, आणि सरांनी ती एकच पेटी दोन्ही जागी उभी केली होती. नियम सीमेवरचा. म्हणून ती त्रेचाळीस गावांना इमानेइतबारे उत्तर पाठवत होती: मागच्या खोलीत.

घरी जाण्याऐवजी मी स्टँडवरून थेट कचेरीत गेले. पाच वाजले होते. माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. तळाशी फेब्रुवारीतल्या बैठकीची फाइल होती, आणि तिच्यात माझ्या हाताने पेन्सिलीने काढलेली आकृती. दोन पेट्या. एक ग्राहकांकडे, एक सीमेवर. खाली मी लिहिलं होतं: 'राउटरमागच्या फोनांचं काय?' त्या बैठकीत सर म्हणाले होते, "दुसरी पेटी यायला चार महिने लागतील. एका पेटीत भागतंय." सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. मी फाइल मिटली होती. हात वर करायला मला दोन सेकंद लागले असते.

आकृती आणि चौदा गावांची यादी घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. ते डायऱ्या खोक्यात भरत होते. मी सगळं सांगितलं, क्रमाने, मध्ये न थांबता. ते खुर्चीत बसले आणि आकृतीकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही कधी काढलीस?"

"फेब्रुवारीत."

"आणि दाखवत आज आहेस."

"हो."

"का?"

"तुम्ही म्हणालात म्हणजे तुम्ही बघितलं असणार, असं वाटलं. आणि तुम्हाला हे काम जाण्याआधी पूर्ण करायचं होतं."

सरांनी चष्मा काढला. "मी बघितलं होतं. त्या गावांत वर्षभरात तार पोचेल, मग प्रश्नच राहणार नाही, असा हिशोब केला. तोवर थोडे फोन तुटतील. तुटले तर तक्रारी येतील, आल्या की बघू." ते थांबले. "तक्रारी आल्या नाहीत."

"रकाना नव्हता, सर."

"नियम सैल करून टाकू," ते एकदम म्हणाले. "आत्ता बसलो तर अर्ध्या तासाचं काम. वाटेने आलेल्याला वाटेने उत्तर. गावं बोलायला लागतील. उद्या तू सही कर."

"मग सीमेवरचं दार उघडं पडेल. रुग्णवाहिकेच्या नंबरावर बाहेरून कुणीही फोनांचा मारा करून लाइन अडवून ठेवू शकेल. तुम्हीच शिकवलंत, यंत्र कुठे उभं आहे ते—"

"माझंच मला ऐकवू नकोस."

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवरून उतरवली.

"दुसरी पेटी म्हणजे चार महिने," सर म्हणाले. "म्हणजे माझ्यामागे. म्हणजे शुक्रवारी मला हार घालताना सगळ्यांना माहीत असणार, वाळिंब्यांनी शेवटचं काम चुकवलं. कारकीर्दीत एकदाही माझं काम कुणी परत केलेलं नाही, वसुधा."

"मला माहीत आहे."

"तरी?"

मी चौदा गावांची यादी त्यांच्यासमोर ठेवली होती ती तशीच ठेवली. त्यांनी ती वाचली. ओठ हलत होते. गावांची नावं वाचत होते. मग उठून राहिलेल्या डायऱ्या खोक्यात टाकल्या, दिवा मालवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

त्या संध्याकाळी मी एकच केलं. स्वतःच्या नावाचा एक नवा फॉर्म तयार केला, तीन रकान्यांचा, आणि तिसऱ्या रकान्याला नाव दिलं: 'बहिरा फोन'.

गुरुवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना उदय ढमढेरे आले. कंपनीचे मालक, पन्नाशीचे, गडगडाटी माणूस. सगळ्यांना नावाने हाक मारणारे, सगळ्यांशी हस्तांदोलन करणारे. टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता, एक शाल होती आणि स्वीकृतीचा कागद. सर माझ्या समोर बसले. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"काय वाळिंबे साहेब, जाता जाता षटकार!" ढमढेरे म्हणाले. "तीस दिवस, तक्रार शून्य. आरोग्य विभागाच्या लोकांना मी काल फोनवर सांगितलं, म्हटलं आमच्याकडे वाळिंबे आहेत. बरं, आधी कागद, मग पेढे. खरमाटे मॅडम, करा सही, शुभ कार्याला वेळ नको."

सरांनी खिशातून आपलं शाईचं पेन काढलं. जाड, काळं, खात्यातून निघताना मिळालेलं. टोपण उघडलं आणि पेन माझ्यासमोर टेबलावर आडवं ठेवलं. टोपण त्यांच्या हातात राहिलं.

मी कागद वाचला. पाठ होता, तरी पुन्हा वाचला. 'वरील यंत्रणा सर्व ठिकाणांहून तपासली असून ती दोन्ही बाजूंनी समाधानकारक चालते.' खाली रेघ, रेघेखाली माझं नाव, वसुधा खरमाटे.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मला दिसत होता. चार. पाच. ढमढेरे खुर्चीत सावरून बसले. सात. मी तोंड उघडलं होतं, पण अजून आवाज निघाला नव्हता.

"हॅलो," ढमढेरे हसत म्हणाले. त्यांनी करंगळी आणि अंगठा ताणून कानाला लावला. "हॅलो, खरमाटे मॅडम? आमचा आवाज येतोय ना तिकडे?"

दोघेतिघे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, माझ्यासमोरचं पेन उचललं आणि टोपण त्यावर बसवलं. हळूहळू फिरवत, पुरतं घट्ट होईपर्यंत. मग ते खिशाला लावलं आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"बोल," ते म्हणाले. "ऐकतोय."

मी कागद टेबलाच्या मधोमध सरकवला.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "त्रेचाळीस गावांना आपला आवाज जात नाही. एका पेटीने भागणार नाही, दोन लागतील, आणि दुसरी येईपर्यंत रुग्णवाहिकेची लाइन जुन्याच यंत्रणेवर राहील. हे मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. मी तेव्हा बोलायला हवं होतं. आज बोलते आहे."